डब्याचे झाकण

या सदराच्या नेहमीच्या वाचकांना माझे एक वेड ठाऊक आहे. ते म्हणजे सुंदर अक्षराचे. गेली वीस वर्षे मी कॉलेजात मराठी शिकवतो आहे, आणि माझ्या माघारी विद्यार्थी जे काही बोलत असतील त्यातले एक वाक्य तरी नक्की खरे असणार : 'सरांना उत्तर चुकलेले चालते, अक्षर बिघडलेले चालत नाही.' समर्थांनी दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकातला पहिला समासच्या समास लेखनक्रियेला वाहिला आहे, हे मी दर वर्षी नव्या वर्गाला ऐकवतो. वर्ग ते मोबाइलवर अंगठ्याने टिपून घेतो. असो.

अशा माणसाच्या घरी बंडूने जन्म घ्यावा, ही दैवाची थट्टाच म्हणायची!

बंडू म्हणजे आमचे धाकटे चिरंजीव. वय वर्षे आठ, इयत्ता तिसरी. पुण्याहून मुंबईपर्यंतची सगळी स्टेशने तो उलटसुलट म्हणून दाखवतो. शिवाजीमहाराजांचे किल्ले विचारा, कुठला कुठल्या जिल्ह्यात ते सांगेल. जिभेला हाड नाही, आणि हाताला, आमच्या मते, वळण नाही. दुधाचा पेला त्याच्या हाती दिला की सौ. आधी फडके शोधून ठेवते. शर्टाची बटणे एका घराने चुकलेली. बुटाची नाडी सुटलेली. मोकळ्या खोलीतून चालतानासुद्धा एकुलत्या एका खुर्चीला तो नेमका धडकणार, आणि वर खुर्चीचीच क्षमा मागणार.

आणि अक्षर? मुंगी शाईत बुडून पानभर फिरली, असे आपण म्हणतो. मुंग्यांवर तो अन्याय होईल. मुंग्या निदान एका ओळीत चालतात.

आपली मायबोली अशा मुलांच्या बाबतीत फार श्रीमंत आहे. वेंधळा, धांदरट, धसमुसळा, गबाळा, अजागळ! यातला 'अजागळ' हा शब्द मी वर्गात मोठ्या कौतुकाने फोडून सांगत असे. अजा म्हणजे शेळी. तिच्या गळ्याला लोंबणारे निरुपयोगी स्तन ते अजागलस्तन, त्यावरून हा अजागळ. मुले हसत. मीही हसत असे. यातला प्रत्येक शब्द मूल कसे आहे ते सांगतो. ते तसे का आहे, एवढे विचारणारा शब्द मात्र आपल्याकडे नाही, हे एम. ए. होऊनही माझ्या ध्यानात आले नव्हते.

शाळेच्या डायरीत शेरे येऊ लागले. 'लेखन अपूर्ण.' 'अक्षर वाचता येत नाही.' 'लक्ष देत नाही.' मराठीच्या प्राध्यापकाच्या मुलाला मराठीच्या वहीवर असा शेरा! मी कंबर कसली. रोज संध्याकाळी दहा ओळी शुद्धलेखन. अक्षर वाकडे आले की ती ओळ पुन्हा. एका संध्याकाळी सबंध पान वाकडे आले, तेव्हा मी ते पान फाडले. बंडू रडला नाही. त्याने पुढच्या पानावर पुन्हा पहिली ओळ लिहायला घेतली, आणि ती आधीच्या ओळीपेक्षाही वाकडी आली.

माझी थोरली वहिनी त्या दिवशी घरी आली होती. ती पस्तीस वर्षे प्राथमिक शाळेत शिकवून निवृत्त झाली आहे. बंडू झोपल्यावर ती मला म्हणाली, "भावजी, एक विचारू? पोर आळशी असतं, तर दहा ओळी लिहिताना असं घामाघूम झालं असतं का? आळशाला कधी घाम येतो?"

या प्रश्नाला माझ्याजवळ उत्तर नव्हते. महिन्याभरात आम्ही शहरातल्या एका रुग्णालयाच्या बालविकास विभागात जाऊन बसलो.

तिथे प्रथम डॉक्टरांनी बंडूची कसून तपासणी केली. डोळे तपासले, स्नायूंची ताकद पाहिली, गुडघ्यावर छोटी हातोडी मारून पाहिली. जन्म दिवस भरून झाला की आधी, उभा कधी राहिला, चालू कधी लागला, सगळे विचारले. बंडू आठव्या महिन्यातला, हे ऐकून त्यांनी ते कागदावर टिपून घेतले. दिवस भरण्याआधी जन्मलेल्या मुलांत हा त्रास अधिक आढळतो, असे नंतर कळले. मग आम्हा नवराबायकोंपुढे एक प्रश्नावली आली. आपले मूल त्याच वयाच्या इतर मुलांसारखा चेंडू झेलते का, त्यांच्याइतक्या वेगाने लिहिते का, नवा खेळ त्यांच्याइतक्या सहज शिकते का, असे पंधरा प्रश्न. प्रत्येकापुढे पाच घरे, त्यातल्या एकावर खूण करायची. आयुष्यभर इतरांच्या उत्तरपत्रिका तपासलेल्या मला ती पंधरा उत्तरे फार जड गेली. सौ.ने माझ्या हातून पेन घेतले आणि भराभर खुणा केल्या. तिला सगळे ठाऊक होते. तिला फक्त कुणी विचारले नव्हते.

मुख्य चाचणी पुढच्या आठवड्यात होती. ती घेणाऱ्या बाई ऑक्युपेशनल थेरपिस्ट होत्या. तरुण, हसऱ्या, पण कायद्याला पक्क्या. मला म्हणाल्या, "सर, तुम्ही कोपऱ्यात बसा. अट एकच. बोलायचं नाही, खुणावायचं नाही आणि तोंड वाकडं करायचं नाही." या मला तीन अटी वाटल्या, पण अट क्रमांक एकमुळे तसे म्हणता आले नाही.

परीक्षा म्हटली की माझ्या डोळ्यांपुढे बाके, घंटा आणि पर्यवेक्षक येतात. इथे होता एक चेंडू, काही चटया आणि खेळण्यांसारखे सामान. कामे सगळी मिळून आठ. तीन हातांची, दोन चेंडूफेकीची आणि तीन तोलाची. प्रत्येक काम बाई आधी स्वतः करून दाखवत, मग बंडूला एकदा सराव करू देत आणि मगच मोजायला घेत. मी मनात म्हटले, आम्ही विद्यापीठवाले सरावाला एवढा वाव दिला असता, तर निकाल केवढे सुधारले असते!

पहिले काम बारा लहान खुंट्या पाटीच्या भोकांत बसवण्याचे. आधी एका हाताने, मग दुसऱ्या. बंडूने खुंटी चिमटीत न धरता मुठीत धरली. तिसरी खुंटी घरंगळली. ती उचलायला तो वाकला तेव्हा चौथीही पडली. बाईंचे घड्याळ चालू होते, चेहरा मात्र शांत. दुसरे काम पाटीच्या भोकांतून दोरी ओवण्याचे. तिसरे काम कागदावरचे : दोन समांतर रेघांच्या मधून एक वळणावळणाची वाट जाते, त्या वाटेतून पेनाची रेघ न्यायची. रेघ कडेबाहेर किती वेळा गेली ते मोजायचे.

आता जे सांगतो ते लिहायला मला संकोच वाटतो, पण सांगितले नाही तर हा लेख लिहिण्यात अर्थ नाही. बंडूने पेन हातात घेतले. जीभ दातांत धरली. खांदे कानांपर्यंत चढले. डावा हात कागदावर असा रोवला, की कागद वाऱ्याने उडून जाणार होता. पहिले वळण पार पडले. दुसऱ्या वळणावर रेघ बाहेर गेली. आणि त्याच क्षणी बंडूने मान वर करून पाहिले. बाईंकडे नव्हे, माझ्याकडे. मी तोंड वाकडे करतो का, ते पाहायला.

त्या दोन रेघांमधून चालण्यासाठी तो मुलगा अंगातली होती नव्हती ती शक्ती लावत होता. त्यातली निम्मी शक्ती रेघेवर खर्च होत होती आणि निम्मी माझ्यावर.

पुढचे सगळे मला अर्धवट आठवते. दोन मीटरवरच्या भिंतीवर चेंडू मारून दोन्ही हातांनी झेलायचा, दहा वेळा. त्याच्या वयाला मध्ये एक टप्पा चालतो. तरी बहुतेक चेंडू त्याच्या छातीवर आपटून निघून गेले. लहानशी पिशवी जमिनीवरच्या वर्तुळात टाकायची, यात मात्र स्वारीने बऱ्यापैकी नेम साधला. मग एका पायावर तीस सेकंदांपर्यंत तोल धरायचा. मग टाचेला अंगठा जोडत सरळ रेषेवर पंधरा पावले. शेवटी चटयांवरून एका पायावर उड्या.

ही शेवटची तर आपली लंगडी! टाकण्याची ती लगोरी, झेलण्याचे ते सागरगोटे. आमच्या लहानपणी वाड्याच्या अंगणात ही सगळी चाचणी रोज संध्याकाळी फुकट होत असे, असे माझ्या मनात आले आणि किंचित अभिमान वाटला. पण तो टिकला नाही. कारण पाठोपाठ आठवले की त्या अंगणात 'कच्चे लिंबू'ही असे. ज्याला धावता येत नाही, झेलता येत नाही, त्याला खेळात घ्यायचे, पण त्याचे बाद धरायचे नाही आणि त्याच्यावर राज्यही द्यायचे नाही. आमचे एक कच्चे लिंबू पुढे पुढे अंगणात यायचेच बंद झाले. गॅलरीत बसून ते पुस्तके वाची. आम्ही त्याला 'शिष्ट' म्हणू लागलो. अंगणाने त्याचे मोजमाप अचूक केले होते. कारण मात्र विचारले नव्हते.

निकालाच्या दिवशी बाईंनी आम्हाला शांतपणे समजावून सांगितले. याच वयाची शंभर मुले कौशल्याच्या क्रमाने उभी केली तर बंडू शेवटच्या पाचांत येतो. चौकातल्या दिव्यांप्रमाणे या चाचणीत तीन रंग आहेत. पंधराव्या क्रमांकाच्या वर हिरवा, सहा ते पंधरा पिवळा, आणि पाच किंवा त्याखाली लाल. बंडूचा एकंदर दिवा लाल. हातांच्या कामात सर्वांत कमी, तोलात कमी, नेमबाजीत हिरवा.

"पण मी नुसत्या आकड्यावर जात नाही," बाई म्हणाल्या. "ही चाचणी ब्रिटनमधल्या ११७२ मुलांवर बसवलेली आहे. आपली मुलं वेगळ्या घरांत, वेगळ्या सवयींत वाढतात. म्हणून चार गोष्टी एकत्र पाहाव्या लागतात. हालचालींचं कौशल्य वयाच्या मानानं बरंच मागे आहे का? त्यामुळे रोजचं जगणं, शाळा, खेळ अडतो का? हे लहानपणापासून आहे का? आणि बुद्धी, नजर किंवा मज्जासंस्थेचा दुसरा काही आजार तर याच्या मुळाशी नाही ना? या चारही गोष्टींची उत्तरं मिळाली, तरच नाव द्यायचं."

ते नाव 'डेव्हलपमेंटल कोऑर्डिनेशन डिसऑर्डर'. याला मराठी प्रतिशब्द काय करावा, म्हणून मी दोन रात्री जागलो. मनाने योजलेली हालचाल हातापायांकडून घडताना जो मेळ बसावा लागतो, तो या मुलांत सहजासहजी बसत नाही, एवढाच त्याचा अर्थ. बुद्धीत काही उणे नसते. पाच ते अकरा वर्षांच्या मुलांत शेकडा पाच-सहा मुले अशी असतात. म्हणजे पन्नासांच्या वर्गात दोन-तीन! मी आजवर किती वर्गांना शिकवले, याचा हिशेब मनातल्या मनात केला आणि तो अर्ध्यावर सोडून दिला.

मग सवयीप्रमाणे मी पुस्तकांकडे वळलो. बिने आणि सिमाँ यांनी फ्रान्समध्ये १९०५ साली मुलांच्या बुद्धीचे माप काढले, हे बहुतेकांना माहीत असते. हातापायांच्या कौशल्याचे तसेच वयवार माप मॉस्कोत ओझेरेत्स्की यांनी १९२३ साली मांडले, हे मला तरी माहीत नव्हते. बंडूची झाली ती चाचणी त्यानंतरची. तिचे मूळ स्टॉट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७२ साली काढलेल्या चाचणीत आहे. पुढे १९९२ साली शीला हेंडरसन आणि डेव्हिड सग्डेन यांनी तिला नवे रूप दिले, आणि २००७ साली तिची दुसरी आवृत्ती निघाली. पूर्वी या मुलांना इंग्रजीतही 'क्लम्झी', म्हणजे आपला धांदरटच, म्हणत. या विषयावरच्या गबे यांच्या १९७५ सालच्या ग्रंथाचे नावच मुळी 'द क्लम्झी चाइल्ड' असे आहे. अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या यादीत हल्लीचे नाव १९८७ साली आले, आणि १९९४ साली कॅनडातल्या लंडन गावी जमलेल्या तज्ज्ञांनी सगळ्यांनी हेच नाव वापरावे असे ठरवले. आपल्याकडेही २०१६ च्या दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांच्या कायद्यात विशिष्ट अध्ययन अक्षमतेच्या व्याख्येत 'डिसप्रॅक्सिया' हा याच घरचा शब्द आला आहे.

हे सगळे मी सौ.ला उत्साहाने वाचून दाखवले. ती म्हणाली, "ते ठीक आहे. पण आता करायचं काय?"

करायचे काय, हे बाईंनी आम्हाला न विचारता बंडूला विचारले. "तुला काय जमावंसं वाटतं? एकच सांग. आपण आधी तेच करू."

'अक्षर' हा शब्द माझ्या ओठांवर आला होता. पण अट क्रमांक एक!

बंडूने बराच विचार केला. मग म्हणाला, "डब्याचं झाकण."

"कुठल्या डब्याचं?"

"शाळेच्या. ते घट्ट असतं. मला उघडत नाही. बाईंना सांगितलं की बाई उघडून देतात, पण मग सगळे बघतात." थोडे थांबून तो पुढे म्हणाला, "म्हणून मी भूक नाही म्हणतो."

सौ.ने माझ्याकडे पाहिले. वर्षभर पोराचा डबा भरलेला परत येत होता. भाजी आवडत नाही म्हणून तिने भाज्या बदलल्या होत्या. पोळीचे लाडू करून दिले, पराठे दिले. खाण्याची नाटके पुरे झाली म्हणून रागावलीही होती. आणि तो आठ वर्षांचा मुलगा रोज दुपारी भरलेला डबा मांडीवर ठेवून 'भूक नाही' म्हणत बसत होता.

"उद्यापासून सैल झाकणाचा डबा द्या," बाई सौ.ला म्हणाल्या. "पोराला उपाशी ठेवून काही शिकवायचं नाही. आणि घट्ट डबा घरी सरावाला ठेवा."

पद्धत साधी होती. बोटांना उगाच व्यायाम देत बसायचे नाही. जे काम जमत नाही तेच काम सुटे करून शिकायचे. काय करायचे ते ठरव, कसे करायचे ते आख, करून बघ, आणि जमले का ते तपास. कॅनडात तयार झालेल्या एका उपचारपद्धतीचे हे चार टप्पे आहेत. आखणी मुलाने करायची, मोठ्यांनी फक्त प्रश्न विचारायचे. बंडूने पहिल्या दिवशी डबा हवेत धरून झाकण ओढले. बाईंनी विचारले, "डबा हलतो आहे की झाकण?" तो म्हणाला, "दोन्ही." दुसऱ्या दिवशी त्याने स्वतःच डबा टेबलावर ठेवून पोटाशी टेकवला. चौथ्या दिवशी त्याला शोध लागला, की सगळे झाकण एकदम ओढायचे नसते. अंगठ्याने एक कोपरा उचलायचा, डबा फिरवायचा, मग दुसरा कोपरा.

बाईंनी आम्हाला एक गोष्ट स्पष्ट सांगितली. हे पुष्कळ मुलांत मोठेपणीही थोडेफार राहते. बंडू उद्या सुंदर अक्षर काढू लागेल, असे वचन कुणी देऊ शकत नाही. पण एकेक काम शिकता येते. आणि ते न शिकवता नुसते रागावत राहिले, तर मूल आधी खेळ सोडते, मग मित्र सोडते आणि शेवटी प्रयत्न सोडते. आमच्या कच्च्या लिंबाची हकीकत मी त्यांना सांगितली नव्हती, तरी त्यांना ती ठाऊक होती.

शाळेच्या वर्गशिक्षिका भल्या निघाल्या. अहवाल वाचून त्या म्हणाल्या, "मला वाटलं, मुद्दाम करतो." मी म्हटले, "मलाही." आता बंडूला लेखन कमी, वेळ जास्त, आणि काही उत्तरे तोंडी. तोंडी म्हटल्यावर काय, स्टेशने सुरू!

त्या दिवसांतल्या एका रात्री मी अंथरुणाशी जाऊन त्याला म्हटले, "बंडू, माझी चूक झाली."

"कुठली?" त्याने विचारले.

यादी लांबलचक होती. मी म्हटले, "ते पान फाडलं, ती."

"ते होय," तो जांभई देत म्हणाला. "ते तसंही वाईटच होतं, बाबा."

यावर काय बोलावे, हे मराठीच्या प्राध्यापकाला सुचले नाही.

उन्हाळ्यात विद्यापीठाचे पेपर तपासायला आले, तेव्हा एक उत्तरपत्रिका मुंग्यांनाही लाजवणारी निघाली. पूर्वी मी अशी उत्तरपत्रिका पहिल्या पानावरच निकालात काढत असे. या वेळी चष्मा पुसला, दिवा जवळ घेतला आणि पाऊण तास बसून ती वाचली. मुलगा की मुलगी ते कळायला मार्ग नव्हता. संतकाव्यावरचा प्रश्न गठ्ठ्यातल्या कुणीही लिहिला नसेल इतका चांगला लिहिला होता. गुण मी सढळ हाताने दिले. पण आधीच्या वीस वर्षांचे गठ्ठे आता रद्दीत गेले आहेत. ते काही परत तपासता येत नाहीत.

गेल्या दिवाळीतली गोष्ट सांगून हे पुराण संपवतो. फराळ नुकताच झाला होता. चिवड्याचा पत्र्याचा डबा, ज्याचे झाकण मला स्वतःला चमच्याचे टोक लावल्याशिवाय उघडत नाही, स्वयंपाकघरात खालच्या फळीवर होता. दुपारी आम्ही दोघे बाहेरच्या खोलीत जरा लवंडलो होतो. आतून पत्र्याचा आवाज आला. कर्र. मग थोडी शांतता. डबा फरशीवर फिरवल्याचा आवाज. पुन्हा कर्र.

"चिवडा चोरतोय!" सौ. उठू लागली, आणि अर्धी उठून तशीच थांबली. मीही श्वास रोखला. आत तिसरा कोपरा, चौथा... पण गोल डब्याला कोपरे कुठले? ती अडचण चिरंजिवांनी त्यांच्या परीने सोडवली असावी. कारण एकदम 'फट्ट' असा आवाज झाला, झाकण फरशीवर खणखणत गेले आणि त्यामागोमाग सबंध डबा आडवा झाल्याचे कळले.

क्षणभर सगळे शांत होते. मग आतून आवाज आला, "आई, उघडला! पण सांडला."

"सांडू दे," सौ. म्हणाली आणि फडके न घेताच आत गेली.